मेंबर कोण, मतदार कोण? शंभर वर्षांपूर्वीचं मुंबई कायदेकौन्सिल

पदवीधर मतदारसंघाची नोंदणी सुरू झाली की घरोघरी धावपळ उडते. फॉर्म नंबर १८ भरा, पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, ती साक्षांकित करून घ्या. गेल्या खेपेला माझी भाची हे सगळं करता करता थांबली आणि म्हणाली, "विधानसभेला मत दिलंय ना मी? मग हे आणखी एक मत कशाचं?" तिचा सख्खा भाऊ आयटीआय करून कारखान्यात लागला आहे. तो तिच्यापेक्षा जास्त कमावतो, जास्त कर भरतो, पण त्याला हे मत नाही.

मी तिला आजच्या विधान परिषदेचा हिशोब सांगितला. एकूण ७८ सभासद. त्यातले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात. ऐकून ती म्हणाली, "एकाच सभागृहाला इतकी दारं? कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

आजची रचना राज्यघटनेने ठरवलेली आहे. पण सभागृहात वेगवेगळ्या दारांनी माणसं आणायची ही सवय आपल्याकडे त्याहून जुनी आहे. ती नीट बघायची तर १९२१ ते १९३७ या काळातल्या मुंबई कायदेकौन्सिलात डोकावायला हवं.

आधी नकाशा बदलून घ्या

'मुंबई' म्हणजे तेव्हा मुंबई इलाखा. त्यात कराचीसकट सिंध होता, अहमदाबाद-सुरतेचा गुजरात होता, धारवाड-बेळगाव-विजापूर होतं, आणि मधे कोकण, खानदेश, पुणे, सातारा, सोलापूर. विदर्भ त्यात नव्हता, त्याचं कौन्सिल नागपूरला होतं. मराठवाडा निजामाकडे, गोवा पोर्तुगिजांकडे, आणि कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थानं. म्हणजे मराठी माणूस चार-पाच राज्यकर्त्यांत वाटला गेला होता, आणि कौन्सिलातले मराठी मेंबर सिंधी, गुजराती, कानडी मेंबरांच्या शेजारी बसत.

हे कौन्सिल १८६२ पासून होतं, पण सुरुवातीला गव्हर्नराला सल्ला देणारी मूठभर माणसं, एवढाच त्याचा आकार. जगन्नाथ शंकरशेठ पहिल्या नेमलेल्यांपैकी. पुढे फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले यांच्यासारखे लोक तिथे आले. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यातली दुरुस्ती सरकार बहुमताच्या जोरावर रेटू लागलं, तेव्हा मेहता-गोखले आणि त्यांचे साथीदार सभागृहातून उठून गेले. सभात्याग केला, कारण मतं मोजून सरकारला हरवता येण्याची सोयच तिथे नव्हती.

ती सोय झाली १९१९ च्या भारत सरकार कायद्याने.

१११ खुर्च्या, पण दारं किती?

त्या कायद्यात मुंबई कौन्सिलासाठी १११ सभासद धरले होते. इथे तेव्हाचे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं आहे. मतदारांनी निवडलेला तो लोकनियुक्त, आणि गव्हर्नराने नेमलेला तो सरकारनियुक्त. लोकनियुक्त ८६ होते. उरलेल्यांत सरकारी अधिकारी होते, आणि ज्यांना मतदानातून कुणी निवडून दिलं नसतं अशा गटांचे नेमलेले प्रतिनिधीही होते.

८६ म्हणजे बहुमतच झालं, असं वाटेल. पण हे ८६ एका दाराने आलेले नव्हते. सर्वसाधारण, म्हणजे तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत 'बिगरमुसलमान', मतदारसंघांतून ४६. मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांतून २७. युरोपियनांना २. सरदार, इनामदार, जमीनदार यांना ३. व्यापार-उद्योगाला ७. आणि मुंबई विद्यापीठाला १.

त्या विद्यापीठाच्या एका जागेत माझ्या भाचीच्या प्रश्नाचं पाळंमूळ दिसतं. शिकलेल्या माणसाचं मत वेगळं मोजावं, त्याला स्वतंत्र मेंबर असावा, ही कल्पना तेव्हा रुजलेली होती. निरक्षरता अफाट असलेल्या काळात तिला काही आधार तरी होता. आज तो आधार कितपत उरलाय याबद्दल मला शंका आहे, आणि भाचीलाही मी तसंच सांगितलं.

व्यापाराच्या ७ जागांकडे जरा थांबून बघा. मुंबईच्या चेंबर ऑफ कॉमर्सला, गिरणीमालकांच्या संघाला स्वतःचा मेंबर पाठवण्याचा हक्क होता. त्याच गिरण्यांत लाखाहून जास्त कामगार राबत होते. त्यांच्यासाठी सरकार नेमील तो प्रतिनिधी. मालकांनी निवडायचं आणि मजुरांना नेमून द्यायचं, हा फरक त्या सभागृहाच्या पायातच होता.

मत कुणाला होतं? तुमच्या सातबाऱ्याला विचारा

आपल्या पणजोबांना १९२० साली मत होतं का, हे बरेचदा घरबसल्या अजमावता येतं. सातबारा किंवा ८-अ चा उतारा काढा. त्यावर 'आकार' नावाचा रकाना असतो, रुपये-पैशांत. हा त्या जमिनीवर बसवलेला शेतसारा. आज तो इतका किरकोळ वाटतो की आपण तिकडे बघतही नाही.

तेव्हा त्या रकान्यावर सगळं ठरत होतं. खेड्यात राहणाऱ्याला मत हवं असेल तर बहुतेक जिल्ह्यांत वर्षाला ३२ रुपये आकाराची जमीन त्याच्याकडे असायला हवी होती. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात ही अट निम्मी, १६ रुपयांची होती. शहरात घरभाड्यावरून ठरे. मुंबईत महिना १० रुपये भाड्याच्या जागेत राहणाऱ्याला मत, आणि चाळीतल्या एका खोलीचं भाडं त्याहून पुष्कळ कमी असे. प्राप्तिकर भरणाऱ्याला मत होतं. फौजेतून निवृत्त होऊन पेन्शन खाणाऱ्यालाही होतं.

मी आमच्या घरचा हिशोब करून बघितला. वाटण्या होण्याआधीची सगळी जमीन एकत्र धरली तरी आकार २७ रुपये आणि काही आणे भरतो. चार कर्ती माणसं, दोन विहिरी, बारा बैल, आणि मत एकही नाही. पाच रुपयांनी हुकलं. जमीन ३२ रुपयांची असती तरी मत एकच मिळालं असतं, कारण हिंदू एकत्र कुटुंब हा एक घटक धरत आणि मत त्याच्या कर्त्याचं. धाकट्या भावांनी नांगर धरायचा आणि मत थोरल्याने द्यायचं.

या चाळणीतून गळून इलाख्यातल्या शंभर माणसांमागे तिघांच्या आसपास मतदार उरले. महार, मांग, चांभार समाजांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं त्यात आली असतील. कुळं, शेतमजूर, गिरणी कामगार जवळजवळ सगळे बाहेर. स्त्रियांना पहिल्या निवडणुकीत मतच नव्हतं. कायद्याने तो निर्णय ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलावर सोडला होता. मद्रासने तो आधी घेतला, पाठोपाठ १९२१ मध्येच मुंबईने. पण मिळकतीची अट तशीच राहिली, आणि मिळकत बाईच्या नावावर असते कुठे? दार उघडलं, उंबरा मात्र कमरेइतका उंच ठेवला.

"राखीव जागा म्हणजेच वेगळा मतदारसंघ ना?"

हा घोटाळा आजही इतका सर्रास होतो की इथे जरा सावकाश जातो.

गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागलाय असं समजा. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे एका गटाचा आखाडा वेगळा, पैलवान त्यांचे, पंचही त्यांचेच. मुसलमानांच्या २७ जागा अशा होत्या. उमेदवार मुसलमान आणि मतदारही फक्त मुसलमान. ही पद्धत १९०९ च्या सुधारणांपासून आलेली.

राखीव जागेचं तसं नाही. तिथे आखाडा एकच, पंच सगळे. फक्त नियम असा, की विजेत्यांत अमुक गटाचा निदान एक असलाच पाहिजे. मुंबई कौन्सिलात 'मराठा आणि तत्सम जातीं'साठी अशा ७ जागा होत्या. समजा, एका जिल्ह्यातून तीन मेंबर निवडायचे आहेत आणि त्यातली एक जागा राखीव आहे. सगळ्या जातींचे मतदार मतं देत. पहिल्या तिघांत मराठा उमेदवार असला तर प्रश्नच मिटला. नसला, तर मराठा उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं तो तिसऱ्याच्या जागी निवडून आला असं धरत.

ही मागणी आली ती ब्राह्मणेतर चळवळीतून, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं पाठबळ तिला होतं. संख्येने एवढा मोठा समाज, पण शिक्षण, वकिली, वर्तमानपत्रं दुसऱ्यांच्या हाती, मग उघड्या लढतीत आपली माणसं निवडून येणार कशी, ही धास्ती होती. साताऱ्याचे भास्करराव जाधव याच लाटेतून कौन्सिलात आले आणि पुढे मंत्री झाले. नोकऱ्या आणि शिक्षणातल्या आरक्षणाची जी चर्चा आज चालू आहे तिच्याशी या ७ जागांची सांगड घालू नका. इथे प्रश्न फक्त सभागृहातल्या खुर्चीचा होता.

वेगळा आखाडा की राखीव जागा, याच प्रश्नावर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी उपोषण केलं आणि पुणे करार झाला. तो वाद समजून घ्यायचा असेल तर हा फरक आधी मनात पक्का हवा.

मेंबरांच्या हातात होतं काय?

या व्यवस्थेला मराठीत 'द्विदल राज्यपद्धती' म्हणतात. सरकारची खाती दोन ढिगांत वाटली होती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक संस्था ही 'सोपीव' खाती. ती कौन्सिलातून घेतलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, तुरुंग, जमीन महसूल आणि मुख्य म्हणजे अर्थखातं ही 'राखीव' खाती, गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. सुनेच्या हाती स्वयंपाकघर दिलं, पण कोठीची किल्ली सासूच्या कमरेलाच राहिली. शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची, आणि पैसे द्यायचे की नाही ते दुसऱ्याच्या मर्जीवर.

तरीही रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना, १९२३ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग त्याने मोकळा केला. पैशांअभावी तो पुरता अमलात आला नाही हेही खरं.

अध्यक्षाच्या खुर्चीतही बदल झाला. आधी गव्हर्नर स्वतः अध्यक्ष असे. आता सर नारायण चंदावरकर पहिले अध्यक्ष झाले. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला मुक्कामाला असे, म्हणून कौन्सिलही पुण्यात भरे. पुणेकर आजही ज्या परिसराला 'कौन्सिल हॉल' म्हणतात, ते नाव या सभागृहाचं आहे. मुंबईत १९२८ नंतर कौन्सिलला जी इमारत मिळाली ती मूळची खलाशांची, तिथे आज राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे.

"तीन टक्क्यांनी निवडलेलं, अर्ध्या अधिकाराचं सभागृह. मग त्याचं काय एवढं?"

हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. १९२३ ला कौन्सिलात जावं की नाही यावरून 'फेरवाले' आणि 'नाफेरवाले' असे तट पडले, आणि स्वराज्य पक्ष आत गेला. बहिष्काराचं कारण मला पटतं. पण त्याच बहिष्कृत कौन्सिलात घडलेली एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसलो.

४ ऑगस्ट १९२३. समाजसुधारक आणि कौन्सिलाचे मेंबर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव मंजूर झाला.

इथे 'ठराव' या शब्दाचं वजन नीट लक्षात घ्या. विधेयक मंजूर झालं की कायदा होतो आणि तो मोडला तर शिक्षा होते. ठराव म्हणजे सभागृहाने सरकारला केलेली शिफारस, तिला दात नसतात. तरी सरकारने ११ सप्टेंबर १९२३ ला खात्यांना आणि स्थानिक संस्थांना त्याप्रमाणे वागायला कळवलं. ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने ठराव करून आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याने त्या तळ्याला हात लावलेला नव्हता, लावायची सोय नव्हती.

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे मानत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. शिफारशीला दात बसवण्याचा हा प्रयत्न होता.

मग २० मार्च १९२७. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं रांगेने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. ती माणसं 'हे तळं आम्हाला द्या' असं म्हणायला गेली नव्हती. कौन्सिलाने, सरकारने आणि नगरपालिकेने दिलेला हक्क वापरायला गेली होती. म्हणून त्या ओंजळभर पाण्याला कायद्याचं वजन होतं. पुढे नगरपालिकेने आपला ठराव फिरवला, सवर्णांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. त्या एका ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं गेली.

"नेमलेला मेंबर सरकारचीच री ओढणार ना?"

अस्पृश्यांच्या प्रतिनिधीला दार एकच होतं, नेमणुकीचं. बाबासाहेबांच्या 'मूकनायक' या पत्राशी जोडलेले ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप त्या दाराने आधी आले. १९२७ पासून बाबासाहेब आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आले. नेमणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो, बाबासाहेबांनी आत शिरल्या शिरल्या अंदाजपत्रकावर टीका केली. शिक्षणाच्या चर्चेत त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला गाठलं. १९२३-२४ मध्ये इलाख्याने माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च केले, आणि अबकारीतून, म्हणजे दारूच्या करातून, माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल केले. लोकांकडून जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेने गळ्यात पडलेल्या गावकामाच्या, जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी विधेयक आणलं, आणि बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. तो कायदा १९२९ मध्ये झाला.

तेव्हा री ओढायची की नाही हे माणसावर होतं. पण नेमणुकीचं दार चांगलं होतं असा याचा अर्थ नाही, आणि हे बाबासाहेबांइतकं स्पष्ट कुणी सांगितलं नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मागणी केली ती नेमणूक बंद करून निवडणुकीची, १४० पैकी २२ जागांची, आणि प्रौढ मतदानाची. नेमलेल्याची खुर्ची पुढच्या खेपेला टिकेल की नाही ते नेमणारा ठरवतो. त्याच्या पाठीशी उभं राहायला मतदार नसतात.

१९३७ : दार बदललं तेव्हा

१९३५ च्या कायद्याने सिंध वेगळा झाला, मुंबईला विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं मिळाली. विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ दलितांसाठी राखीव होत्या, पुणे कराराप्रमाणे एकाच आखाड्यातल्या. मराठ्यांच्या ७ राखीव जागा पुढेही राहिल्या आणि स्त्रियांना ६ मिळाल्या. मताची अट बरीच खाली आली, तरी सगळ्यांना मत मिळायला स्वतंत्र भारताची घटना यावी लागली.

फेब्रुवारी १९३७ मध्ये बाबासाहेब भायखळा-परळमधून उभे राहिले. समोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू, आपल्या गोलंदाजीने देश गाजवलेले, तेही दलित. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. दहा वर्षं ते सभागृहात बसत होते, पण मतपेटीतून आले ते आत्ता.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून गावचा सारा वसूल करण्याचा खोताचा वंशपरंपरागत हक्क, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. रत्नागिरीतल्या ज्या कुळांच्या पाठीवर खोताचा बोजा होता, त्यांच्या नावावर मतासाठी लागणारा १६ रुपयांचा आकारही कधी भरलेला नव्हता. जानेवारी १९३८ मध्ये ती कुळं हजारोंनी मुंबईत उतरली आणि मोर्चाने तिथल्या कौन्सिल हॉलकडे चालत गेली.